शी मास्तर

मधुमेहाने काळा पडलेला पाय, बोटांतून पाणी गळतंय, सिस्टरनी नाकाला रुमाल लावलाय, आम्ही विद्यार्थी एकेक पाऊल मागे सरकतोय, आणि मास्तर त्या पायावर वाकून निवांत बोलतायत, हे दृश्य मी अनेकदा पाहिलं. पू, उलटी, जंत, थुंकीची डबी, कशाचीच त्यांना किळस नव्हती. त्यांना किळस यायची ती दोन शब्दांची. एखाद्या विद्यार्थ्याने रुग्णाला काहीतरी समजावून सांगितलं आणि शेवटी “कळलं का?” असं विचारलं, की मास्तरांचा चेहरा कारल्याचा रस तोंडात धरल्यासारखा व्हायचा. वरचा ओठ नाकाकडे चढायचा, डावा डोळा बारीक व्हायचा आणि ते म्हणायचे, “शी.” बस, एवढंच. सगळं कॉलेज त्यांना पाठीमागे शी मास्तर म्हणत असे. तोंडावर सर.

बेळगावातल्या आमच्या मेडिकल कॉलेजात ते सामाजिक आरोग्य विभागात ट्यूटर होते. ट्यूटर ही शिकवणाऱ्यांच्या उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी. लोक तिच्यावर दोन वर्षं पाय ठेवतात आणि वर जातात. मास्तर तिच्यावरच बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. पुढची पदवी घेतली नाही, एक शोधनिबंध लिहिला नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं त्यांची साहेब होऊन आली आणि त्यांच्या रजेच्या अर्जावर सह्या करू लागली. पुष्कळांना हे त्यागाचं लक्षण वाटतं. मला तो मूर्खपणा वाटायचा आणि अजूनही वाटतो. खुर्ची असती तर त्यांनी उभं केलेलं काम टिकलं असतं.

ते निपाणीचे आणि मीही निपाणीची. त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला “काय गं निपाणी” म्हणायला सुरुवात केली. आमचं जैन व्यापाऱ्याचं घर. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि तंबाखूच्या दोन वखारी. मास्तरांची आई वखारीत तंबाखू चाळायची. कुणाच्या वखारीत, हे मी एकदा विचारलं. “तुमच्याच गल्लीतल्या,” एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. मीही पुन्हा विचारलं नाही. 

“कळलं का?”वरचा त्यांचा राग त्या आईपासूनचा होता. एकदा कंग्राळीच्या आरोग्य केंद्रावरून परत येताना कॉलेजच्या गाडीत त्यांनी मला तो सांगितला. “आमची आई दवाखान्यात जायची. डॉक्टर इंग्लिश-मराठी-कन्नड सगळं मिसळून काय तरी सांगायचा आणि शेवटी विचारायचा, कळलं का? आई म्हणायची, व्हय. बाहेर आली की मला विचारायची, काय म्हनला रं त्यो? मी सात वर्षांचा. मला काय कळतंय? व्हय हे उत्तर न्हाय गं, निपाणी. त्यो नमस्कार हाय. मोठ्या माणसाला घातलेला. आन् तुमी लोक त्यो नमस्कार कागदावर लिवून घेता, की पेशंटला समजलं म्हणून.”

म्हणून त्यांनी शनिवारची शाळा काढली होती. वेळापत्रकात ती नव्हती, परीक्षेत तिला गुण नव्हते. शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद झाला की त्याच्या व्हरांड्यात ती भरायची. सामान दोन वस्तूंचं: एक लाकडी बाक आणि एक बुटकं स्टूल. बाकावर ऐकणारा, स्टुलावर शिकवणारा. “शिकवणाऱ्याचं डोकं ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या खाली पायजे,” हा त्यांचा नियम. सहा फुटांची पोरं त्या स्टुलावर गुडघे कानाला लावून बसत आणि बाकावर वॉर्डातली आया गंगाक्का पदराने वारा घेत बसलेली असे. विद्यार्थ्याला आठ मिनिटं. विषय मास्तर देत: खरूज, जुलाब, क्षयाची औषधं, नाळेची काळजी. आठ मिनिटं झाली की मास्तर विद्यार्थ्याकडे बघतही नसत. ते गंगाक्काला म्हणत, “आक्का, आता तू मला शिकीव.”

गंगाक्का जे शिकवेल ते विद्यार्थ्याचे गुण. तिच्याकडे दयामाया नव्हती. एका गोड बोलणाऱ्या मुलाबद्दल ती म्हणाली होती, “ह्ये पोरगं लई ग्वाड बोलतंय. ऐकत ऱ्हावं वाटतंय. पर काय बोललं त्ये इचारू नगा.” दुसऱ्याला तिने सरळ सांगितलं, “तू माज्याकडं बघून न्हाई बोललास रं. भितीकडं बघून बोललास. मग भितीलाच इचार जा.”

मैसूरकडून आलेल्या आमच्या एका वर्गमित्राची गोष्ट मास्तर दरवर्षी नव्या तुकडीला सांगत. त्याला मराठी येत नव्हतं. समोर एक म्हातारी, तिला कन्नड येत नव्हतं. त्याने कन्नडमध्ये विचारलं, “कालु नोवु?” म्हणजे पाय दुखतोय का. म्हातारीने ऐकलं, “काल न्हवं?” ती म्हणाली, “काल न्हवं बाळा, परवापास्नं.” त्याला तोवर परवा हा शब्द कळू लागला होता. त्याने लिहिलं: पायदुखी, दोन दिवस. दोघंही एकमेकांवर खूश. म्हातारीचं दुखत होतं पोट. मास्तर ही गोष्ट हसवण्यासाठी सांगत नसत. पोरं हसली की ते थांबत आणि म्हणत, “दोघांनीबी मान हलवली हुती, बरं का. कळल्याची.”

स्टुलावर बसायची माझी पहिली वेळ आली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते, वर्गात पहिली, आणि दोन्ही भाषा येतात याची मला घमेंड होती. विषय जुलाब. मी शरीरातलं पाणी, क्षार, पेशी, सगळं सोप्या भाषेत सांगितलं असं मला वाटलं. शेवटी सवयीने विचारलं, “कळलं का, आक्का?” गंगाक्का म्हणाली, “व्हय.” मग मास्तरांनी तिला शिकवायला सांगितलं. ती सरसावून बसली आणि म्हणाली, “जुलाब लागलं की आंगातलं मीठ जातंय. म्हून मीठ लई खायाचं. पानी पिऊ ने, पान्यानं जुलाब पातळ हुतंय.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. ओठ वर, डोळा बारीक. “शी.”

मला त्यांचा भयंकर राग आला. वॉर्डातल्या आयेकडून माझी परीक्षा घेतात म्हणून आला. घरी पत्र लिहिलं की इथे एक विक्षिप्त माणूस आहे आणि वेळ फुकट घालवतो. तेवढ्यावर ते राहिलं असतं. राहिलं नाही, कारण पुढे मी इंटर्न झाले आणि कंग्राळीच्या केंद्रावर माझी नेमणूक झाली.

एक तरुण बाई आठ महिन्यांचं मूल घेऊन आली. जुलाब. मी तपासलं, मीठ-साखरेची पुडी दिली आणि सांगितलं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी घालायची, थोडं थोडं पाजत राहायचं. दारात वीस माणसं उभी होती. “कळलं का?” “व्हय.” तिसऱ्या दिवशी ते मूल आमच्या मोठ्या दवाखान्यात झटके येत असताना आणलं. रक्तात मिठाचं प्रमाण इतकं चढलेलं की प्रयोगशाळेने पुन्हा नमुना मागितला.

मूल वाचलं. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. मुलांच्या विभागातल्या डॉक्टरांनी चार दिवस त्याच्यामागे काढले. मास्तरांना कुणीतरी कळवलं होतं. ते आले ते शनिवारचं स्टूल हातात घेऊन. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर शी म्हणतील. ते म्हणाले, “बस.” मी त्या आईसमोर स्टुलावर बसले. “आता तिला इचार, मी तुला काय सांगितलं ते मला शिकीव म्हणून.”

मी विचारलं. ती म्हणाली, “तुमी म्हनलासा, पुडी पान्यात घालायची. घातली की.”

“किती पाण्यात?”

“भांडंभर.” तिने बोटांनी दाखवलं. पेल्याएवढं भांडं.

“मी लिटर म्हणाले होते.”

“लिटर दुधवाल्याकडं असतंय बाई,” ती म्हणाली. “पानी कोन लिटरनं मोजतंय?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट मी रागावेन म्हणून ती घाबरली होती. आपल्याच पोराला झटके आलेले असताना ती मला घाबरत होती. त्या क्षणी मला स्वतःची जी शिसारी आली ती अजून पुरती गेलेली नाही, आणि जाऊ नये.

मास्तर दुसऱ्या दिवशी मला घेऊन तिच्या घरी गेले. घरातला तांब्या मागून घेतला. मापाच्या भांड्याने त्यात लिटरभर पाणी ओतलं आणि पाणी आलं तिथे आतून खिळ्याने ओरखडा काढला. शेजारणीचा तांब्या बघितला, तो लहान निघाला. तिसऱ्या घरी तांब्याच नव्हता, प्लास्टिकची कळशी होती. “लिटर येक असतोय,” मास्तर म्हणाले, “तांब्ये शंभर असत्यात. तू लिटर शिकलीस. आता तांब्या शीक.” त्या महिन्यात आम्ही सबंध गल्लीतले तांबे ओरखडले. नव्या तांब्याला खिळा लावू द्यायला एक सासू तयार नव्हती. मास्तरांनी तिच्याशी पाऊण तास वाद घातला आणि हरले. तिथे त्यांनी तांब्याला बाहेरून दोरा बांधला.

त्यानंतर मी शनिवारची शाळा चुकवली नाही. हळूहळू त्यांनी माझ्याकडे दुसरंच काम दिलं: खालच्या वर्गातल्या मुलांना शिकवायला शिकवायचं. मुलगा आठ मिनिटं बोलणार, गंगाक्का त्याची चिरफाड करणार, आणि मग मी त्याच्याबरोबर बसून नेमकं कुठल्या वाक्याला ती निसटली ते शोधणार. हे शोधणं मला आवडू लागलं. निदान करण्यासारखंच ते होतं. मास्तर लांबून बघत. एकदा म्हणाले, “डॉक्टर दरसाल शंभर निघत्यात हितनं. मला येक मास्तर पायजे. तू हो.” मी म्हटलं, “सर, मला मेडिसिन करायचंय.” ते म्हणाले, “कर की. औषध देनारा मास्तर नसला तर त्यो दुकानदार. वाईट वाटून घेऊ नगंस, तुमचं घरच दुकानदाराचं.”

मी मेडिसिन केलं आणि त्याच कॉलेजात लागले. दुकानही चांगलं चाललं.

ते संत नव्हते, हेही लिहून ठेवते. लाजऱ्या मुलांशी ते दुष्टपणे वागत. एक मुलगी त्यांच्या त्या शीमुळे व्हरांड्यातून रडत गेली ती पुन्हा शनिवारी आली नाही. मी त्यांना तसं बोलले तेव्हा ते म्हणाले, “पेशंट मेल्यावर रडण्यापेक्षा बरं.” हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही. माणसाला तुच्छतेने शिकवता येत नाही, हे बाकावर बसलेल्याला जितकं लागू आहे तितकंच स्टुलावर बसलेल्यालाही आहे. एवढी एक गोष्ट त्यांना कुणी शिकवली नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने समारंभ केला. शाल, श्रीफळ, फेटा. ज्यांनी शनिवारच्या शाळेसाठी कधी एक वर्गखोली दिली नाही, त्यांनी तिच्यावर भाषणं केली. एकाने तर सरांचा “मौल्यवान वारसा” असे शब्द वापरले. मग मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, माईक हातात घेतला, सभागृहभर नजर फिरवली आणि विचारलं, “मी हितं इतकी वर्षं काय करत हुतो, कळलं का?”

सगळं सभागृह एका सुरात म्हणालं, “येस सर.”

मास्तरांचा ओठ वर चढला. माईकमधून “शी” असा आवाज आला आणि ते जाऊन बसले. लोक हसले. टाळ्या झाल्या. मी त्या वेळी व्यासपीठावर होते, पुष्पगुच्छ देणाऱ्यांत, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतही.

त्यानंतरच्याच महिन्यात शनिवारची शाळा बंद पडली. गंगाक्काही त्याच सुमाराला निवृत्त होऊन घरी गेली. बाक कुठे गेलं माहीत नाही. स्टूल आमच्या वॉर्डात आलं आणि पाण्याच्या फिल्टरखाली गेलं. काही वर्षांनी वरून आदेश आला की विद्यार्थ्यांमध्ये अध्यापनाची गोडी आणि कौशल्य निर्माण करा. लगेच एक कक्ष निघाला. त्याची प्रमुख मी. वर्षातून दोन दिवस कार्यशाळा होते. फोल्डर, पेन, बिल्ला, गटचर्चा, सामूहिक फोटो, समोसा, प्रमाणपत्र. ‘रुग्णाशी संवाद’ या विषयावर मी एक तास बोलते. पडद्यावर शब्द येतात आणि मी ते वाचते. शेवटी अभिप्रायाचा कागद असतो: सत्र उपयुक्त वाटले का? होय, नाही. सगळे होय लिहितात. मी ते कागद मोजून टक्केवारी काढते आणि वर पाठवते. कार्यशाळेत बाक नाही, गंगाक्का नाही, रुग्ण तर नाहीच. हा सगळा प्रकार मला ओकारी आणतो, आणि तो मी करते. मास्तरांना भेटायला मी निपाणीला गेले नाही, याचं खरं कारण हेच. कामाचं निमित्त नेहमीच मिळत होतं.

गेल्या वर्षी तेच आले. आणले गेले. हृदयाचे ठोके अनियमित होऊन मेंदूत गुठळी गेली होती. उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. पुरती नाही. मेंदूच्या त्या भागाला इजा झाली की कधीकधी माणसाकडे एखादाच शब्द उरतो. तो त्याने निवडलेला नसतो, काहीही बोलायला गेलं तरी तोच बाहेर पडतो. मास्तरांकडे उरला होता “व्हय”.

पाणी हवं का, व्हय. दुखतंय का, व्हय. तुमचं नाव काय, व्हय. ऐकलेलं त्यांना बरंचसं समजत होतं, हे डोळ्यांवरून दिसायचं. तोंड उघडलं की तो एकच शब्द यायचा, आणि तो ऐकून त्यांच्याच डाव्या डोळ्यात पाणी यायचं. रागाचं असावं. वॉर्डातल्या लोकांना मात्र ते फार सोयीचे रुग्ण वाटले. कशालाही नाही म्हणत नाहीत.

पंधरा दिवसांनी त्यांना घरी सोडायचं ठरलं. न्यायला त्यांची थोरली बहीण, आक्का, आली होती. वय ऐंशीच्या पुढे, लिहिता-वाचता येत नाही, दोघंच घरात. सगळी औषधं तीच देणार. त्यांतली एक गोळी रक्त पातळ ठेवणारी, एक दिवस अख्खी आणि एक दिवस अर्धी. ती चुकली तर परत गुठळी, जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव. मी फेरीवर होते. आमची इंटर्न मुलगी, मागच्याच कार्यशाळेचं प्रमाणपत्र मिळालेली, खाटेपाशी उभी राहून भराभर सांगत होती. कानडी वळणाचं पण चांगलं मराठी. शेवटी म्हणाली, “कळलं का, आजोबा?”

“व्हय,” मास्तर म्हणाले.

“आजी?”

“व्हय,” आक्का म्हणाली.

मुलीने कागदावर खूण केली. तिथे छापलेलं होतं: रुग्णास व नातेवाइकांस समजावून सांगितले, त्यांना समजले. तो कागद मीच तयार केलेला. कक्षातर्फे.

मी पुढच्या खाटेकडे गेले होते. दोन खाटा पुढेही गेले. मग मला त्या कागदाची किळस आली, आणि मी परत फिरले. कोपऱ्यातला पाण्याचा फिल्टर उचलून खाली फरशीवर ठेवला. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, तो कुठं ठेवताय?” मी स्टूल काढलं, रुमालाने पुसलं आणि खाटेपाशी आणून ठेवलं.

“बस,” मी त्या मुलीला म्हटलं. “काही सांगू नकोस. आक्कांना म्हण, तुम्ही मला शिकवा.”

मुलगी गोंधळली, पण बसली. आक्का आधी लाजली. “मी काय शिकवू बाई, तुमी डाक्टर.” मग गोळ्यांची पाकिटं मांडीवर घेऊन म्हणाली, “ही पांढरी सकाळी. ही बारकी... ही जास्त तरास झाला की अख्खी द्यायची, न्हाय तर अर्धी.”

मुलीचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे बघितलं. ती स्टूल थोडं पुढे ओढून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, या वेळी हळू. आणि पुन्हा म्हणाली, शिकवा. दुसऱ्या वेळी आक्काला अख्खी आणि अर्धी बरोबर सांगता आली, पण मुलीच्या डोक्यात एक प्रश्न आला. तो तिचा तिलाच आला, मी सुचवला नाही. “पण आजी, काल अख्खी दिली की अर्धी, हे तुम्हाला आज कसं कळणार?”

आक्काने विचार केला. पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली. “ह्यात ठेवते गोळ्या. अख्खी दिली की डबी सुलटी ठेवीन. अर्धी दिली की पालथी.”

मुलगी हसली. मी हे कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मास्तर टक लावून त्या डबीकडे बघत होते.

चाळीस मिनिटं लागली. हिरड्यांतून रक्त आलं तर काय, परसाकडं काळं झालं तर काय, सगळं आक्काने तिला शिकवलं. मुलगी उठली, घाम पुसला, आणि सवय ती सवय, मास्तरांकडे वळून म्हणाली, “कळलं का, आजोबा?”

“व्हय,” मास्तर म्हणाले. आणि म्हणताना त्यांचा वरचा ओठ नाकाकडे चढला, डावा डोळा बारीक झाला. उजवी बाजू ढिम्म हलली नाही. चेहरा अर्धाच होता, पण शी पुरी होती.

मुलीने मला बाहेर विचारलं, “मॅडम, आजोबा रागावले का माझ्यावर?”

“तुला काय वाटतं?”

तिने दारातून आत स्टुलाकडे बघितलं. मग म्हणाली, “मी तो प्रश्न विचारायला नको होता.” मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी दुपारी व्हरांड्यात ये आणि कुणाला तरी घेऊन ये, एवढं सांगितलं. स्टूल आता तिथेच असतं. फिल्टर अजून फरशीवर आहे आणि सिस्टर रोज तक्रार करतात.

मास्तर तीन महिन्यांनी निपाणीत गेले. दुसरा झटका, पहाटे, झोपेत. मला दोन दिवसांनी कळलं. मी आक्काला फोन केला. गोळ्या नीट चालल्या होत्या का, असं विचारणार होते, पण ते विचारलं असतं तर ती व्हय म्हणाली असती. म्हणून म्हटलं, “आक्का, गोळ्या कशा दिल्या, मला सांगा.”

तिने पहिल्यापासून सांगितलं. पांढरी सकाळी, बारकी सांजच्याला, एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी, परसाकडं कधी काळं झालं न्हाई. एकही चूक नव्हती. मग ती थांबली. भांड्यांचा आवाज आला, ती उठून काहीतरी बघत असावी.

“डबी पालथी हाय बाई,” ती म्हणाली. “म्हंजे दुसऱ्या दिवशी अख्खी द्यायची हुती.”